खूण पटली

लेवार्डनच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी नकाराची पत्रं लिहितो.
मजकूर तयार असतो. नाव, तारीख, रक्कम तेवढी भरायची:
"व्यवहाराच्या वेळी पासवर्ड बरोबर दिला गेला.
पासवर्ड फक्त आपल्यालाच ठाऊक होता.
सबब व्यवहार आपणच केला."
या 'सबब'वर माझं घर चालतं.

हिलत्ये विर्समा, वय एकाहत्तर.
दोन हजार तीनशे चाळीस युरो,
दोन मनगटी घड्याळं,
तिनं कधी नावही न ऐकलेल्या शहरात पोचती झालेली.

फोनवर तिनं सगळं सांगितलं, घाई न करता.
मागे कुत्रं पाणी पीत होतं, लपलप ऐकू येत होती.
सायकलचा दिवा मागवला होता, साडेचौदा युरोचा.
पैसे भरताना पानाच्या पोटातच एक चौकट उघडली:
बँकेचं चिन्ह, शेजारी पिवळं कुलूप,
म्हणजे कुलपाचं चित्र.
वर पत्ता नव्हता.
"पण तुमच्या खऱ्या चौकटीवर तरी कुठे असतो?"
मी संगणकात पाहिलं. नसतो.

"आणि तुमचं वाक्य?" हे विचारायचा नियम आहे.
बँकेची खूण म्हणून प्रत्येकानं एक वाक्य निवडायचं,
चौकटीत ते दिसलं की समजायचं, आपलीच माणसं.
तिचं होतं: कालव्यावर अजून बर्फ नाही.
"त्या दिवशी दिसलं नाही," ती म्हणाली,
"मला वाटलं, विसरला असाल.
माणसं विसरतात."

मग चौकटीनं जन्मतारीख विचारली.
जन्मतारीख!
नवऱ्याच्या थडग्यावर त्याच्या तारखांखाली
तिचीही कोरून ठेवली आहे,
पुढची जागा रिकामी सोडून.
गावातलं शेंबडं पोरसुद्धा ती वाचून
तिचा पासवर्ड बदलू शकलं असतं.
हे मी तिला सांगितलं नाही.

पत्र गेलं. आठवड्यानं उत्तर आलं, हातानं लिहिलेलं:

"साहेब, मी एकतीस वर्षं पूल उघडला, मिटला.
नाव आली की गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा,
नावाड्यानं त्यात नाणी टाकायची, मी पूल उचलायचा.
कधी बटणं आली, कधी परदेशी नाणी,
एकदा वळवळता ईल मासा.
बुटात काही पडलं म्हणून पूल उचलला, हे खरं.
पण नाणं टाकणाराच नावेचा धनी, असं मी
एकदाही कुणाला लिहून दिलं नाही.
एका पहाटे चोरीची नाव माझ्याच पुलाखालून गेली.
पोलिसांना म्हटलं, टोल मिळाला, तोंड दिसलं नाही, धुकं होतं.
मालकाच्या दारात जाऊन असं म्हटलं नाही, की बाबा,
टोल बरोबर भरला गेला,
सबब तुझी नाव तूच चोरलीस."

'सबब'खाली रेघ होती. दोनदा मारलेली, कागद फाटेपर्यंत.

सीब्रेनना दाखवलं. साहेब हसले,
छान लिहिते म्हणाले,
आणि सात नंबरचा मजकूर पाठवायला सांगितला.
तो चार नंबरसारखाच आहे,
फक्त 'खेद' दोनदा येतो.

तिचा पूल आता कॅमेऱ्यावर चालतो,
उघडणारा बसतो दुसऱ्याच गावात.

काल रात्री लेकीसाठी बर्फावरचे स्केट मागवले.
चौकट उघडली.
चिन्ह होतं. कुलूप होतं. वाक्यही होतं एक,
ते मीच निवडलेलं का, आठवेना.
वर पत्ता शोधला, जिथे तो नसतो तिथे.
आतून लेक विचारत होती, झालं का?
पासवर्ड मला आठवावा लागत नाही,
बोटांना येतो.

खूण पटली, असं हिरव्या अक्षरांत उमटलं.
कुणाची, कुणाला,
ते लिहिलं नव्हतं.